नर्मदेत बोट चालते, पण नर्मदा 'जलमार्ग' आहे का? एका शब्दाने अडवलेल्या सिनॉप्सिसची गोष्ट

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये माझ्या तिसऱ्याच स्लाइडवर मला थांबवलं गेलं. स्लाइडवर एकच वाक्य होतं: 'नंदुरबार जिल्ह्यातील नौवहनयोग्य नद्यांचा अभ्यास'. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "नर्मदा नंदुरबारमध्ये नौवहनयोग्य आहे, हे कशावरून?" मी उत्साहात म्हणालो, "सर, राष्ट्रीय जलमार्ग आहे. कायद्यात आहे." दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "कायद्यात आहे म्हणजे नदीत आहे का?" आणि तिसरे सर, जे तोपर्यंत चहा पीत होते, म्हणाले, "तिथे लोक रोज बोटीने जातात की! मग प्रश्न काय आहे?"

एकाच शब्दावर तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी बोलत होती आणि संशोधक म्हणून मला त्यातली एकही नीट वेगळी करता येत नव्हती. सिनॉप्सिस 'दुरुस्तीसह पुन्हा सादर करा' असा शेरा घेऊन परत आली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढचे चार महिने या एका शब्दामागे घालवल्यावर वाटतं, शेरा योग्यच होता. जे आत्ता कोर्सवर्क करताय किंवा विषय शोधताय, त्यांच्यासाठी हे सगळं उलगडून लिहितो. विषय नदीचा असला तरी असे दोन-तीन अर्थांचे शब्द तुमच्याही शीर्षकात लपलेले असतील.

आधी कागद बघू.

'राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६' हा कायदा १२ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. त्याआधी देशात पाचच राष्ट्रीय जलमार्ग होते. पहिला गंगा-भागीरथी-हुगळीचा अलाहाबाद ते हल्दिया असा १६२० किलोमीटरचा. या कायद्याने एका फटक्यात १०६ नवे जोडले आणि एकूण संख्या १११ झाली. या यादीत क्रमांक ७३ वर नर्मदा आहे, पंढरियापासून खंभातच्या आखातापर्यंत, सुमारे २२६ किलोमीटर. आणि क्रमांक १०० वर तापी आहे, हतनूर धरणापासून समुद्रापर्यंत, ४३६ किलोमीटर. दोन्ही पश्चिमवाहिनी नद्या, आणि दोन्ही नंदुरबार जिल्ह्याला लागून किंवा जिल्ह्यातून जातात. नर्मदा उत्तरेची हद्द आहे, अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांची. तापी दक्षिणेकडून, शहादा आणि नंदुरबार तालुक्यांच्या मधून, सारंगखेडा-प्रकाशावरून पुढे उकाईच्या फुगवट्यात शिरते.

एक छोटा हिशेब करून बघा, मजा येते. नर्मदेची एकूण लांबी १३१२ किलोमीटर सांगतात. त्यातला ३५ किलोमीटरचा भाग मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांची सामाईक हद्द, नंतर ३९ किलोमीटर महाराष्ट्र-गुजरात हद्द आणि शेवटचे १६१ किलोमीटर गुजरात. समुद्राकडून उलटं मोजत आलं तर १६१ अधिक ३९ म्हणजे २००. उरलेले २६ किलोमीटर मध्य प्रदेशाच्या हद्दीवरच्या पट्ट्यात पडतात. मोजमापाच्या पद्धतीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण ढोबळमानाने बघा: नंदुरबारच्या वाट्याला आलेली नर्मदा, सगळी मिळून ७४ किलोमीटर, आणि त्यातला बराचसा भाग कागदावर राष्ट्रीय जलमार्ग. तीन राज्यांचे काठ, एक जलमार्ग.

आता हा कायदा म्हणतो काय? नदी खोल आहे, रुंद आहे, जहाज चालतं, असं काहीही तो म्हणत नाही. तो म्हणतो की नौवहनापुरतं या जलमार्गाचं नियंत्रण केंद्राकडे असणं सार्वजनिक हिताचं आहे. बस. यामागे राज्यघटनेची सातवी अनुसूची आहे. संघसूचीतली नोंद २४ सांगते की संसदेने कायद्याने 'राष्ट्रीय' जाहीर केलेल्या जलमार्गांवरची यांत्रिक जहाजांची वाहतूक हा केंद्राचा विषय. समवर्ती सूचीतली नोंद ३२ बाकीच्या अंतर्देशीय जलमार्गांवरची यांत्रिक वाहतूक दोघांच्या अखत्यारीत देते. राज्यसूचीतल्या नोंद १३ मध्ये रस्ते, पूल, तरी आणि उरलेली जलवाहतूक आहे, आणि पाणी स्वतः नोंद १७ मध्ये, म्हणजे राज्याकडे. म्हणून २०१६ च्या घोषणेने फक्त एक फाइल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली. नदीचा तळ, नदीचं पाणी, काठ, वाळू हे सगळं होतं तिथेच राहिलं.

माझी पहिली चूक इथे होती. मी घोषणेला पुरावा समजलो.

बरं, घोषणा करताना काही मोजमाप लावायचं असतं की नाही? असतं. १९८० च्या राष्ट्रीय वाहतूक धोरण समितीने निकष सुचवले होते. साधारण ४५ मीटर रुंदीचा आणि किमान दीड मीटर खोलीचा प्रवाहमार्ग हवा, सलग ५० किलोमीटरचा पट्टा हवा आणि पुढच्यापैकी काहीतरी असावं: एकापेक्षा जास्त राज्यांना उपयोग, मोठा समृद्ध प्रदेश बंदराला जोडणं, संरक्षणदृष्ट्या महत्त्व, किंवा जिथे वाहतुकीचं दुसरं कुठलंच साधन पोहोचत नाही अशी ठिकाणं जोडणं. हा शेवटचा निकष लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. पण हे निकष समितीचे. घटनेत संसदेवर असं काही बंधन नाही. १०६ मार्ग एकत्र जाहीर झाले आणि तांत्रिक-आर्थिक अभ्यास बहुतेक ठिकाणी नंतर झाले. त्या अभ्यासांतूनच पुढे आलं की बहुसंख्य मार्ग मालवाहतुकीला व्यवहार्य नाहीत. आधी बारसं, मग मूल बघायला जाणं.

याच्या अगदी उलट पद्धत अमेरिकेत आहे. मला ती समजून घ्यायला वेळ लागला, पण माझ्या सिनॉप्सिसचा गुंता तिथेच सुटला. म्हणून जरा थांबून सांगतो.

मिशिगन राज्यात ग्रँड नावाची नदी आहे. तिच्यावर 'डॅनियल बॉल' नावाची वाफेची बोट चालायची, फक्त दोन फूट पाण्यात तरंगेल अशी बांधलेली. संघराज्याचा परवाना न घेता ती माल-प्रवासी नेत होती. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७० च्या सत्रात न्यायालयाने जे सूत्र दिलं ते आजही वापरात आहे. थोडक्यात असं: जी नदी प्रत्यक्षात नौवहनयोग्य, ती कायद्यात नौवहनयोग्य. आणि प्रत्यक्षात म्हणजे काय? तर ती तिच्या नेहमीच्या स्थितीत, त्या काळच्या रूढ वाहनांनी, व्यापाराचा रस्ता म्हणून वापरली जात असेल किंवा वापरली जाऊ शकत असेल. म्हणजे तिथे वस्तुस्थिती आधी, कायदा नंतर.

यात 'वापरली जाऊ शकत असेल' हे शब्द फार महत्त्वाचे. पश्चिम अमेरिकेतल्या नद्या बघा: खोल दऱ्या, खळाळ, माणसांची वस्ती विरळ. व्यापार झालाच नव्हता, मग त्या नौवहनयोग्य कशा? १९३१ च्या युटाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की वस्ती नव्हती म्हणून वापर झाला नाही, एवढ्यावरून क्षमता नव्हती असं ठरत नाही. त्याच निकालात कोलोरॅडो नदीचे तुकडे पाडले गेले. कॅटरॅक्ट कॅन्यनचा खळाळता भाग नौवहनयोग्य नाही, त्याच्या वरचा-खालचा भाग मात्र आहे.

मग २०१२ मध्ये मोंटानाचा खटला आला. वीज कंपनीची धरणं तीन नद्यांवर होती. राज्य म्हणालं, या नद्या नौवहनयोग्य आहेत, म्हणजे तळ आमचा, भाडं द्या. राज्याच्या न्यायालयांनी जवळपास ४ कोटी १० लाख डॉलर ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते उलटवलं. दोन कारणं आपल्या कामाची आहेत. एक, नदी एकसंध बघायची नाही, तुकड्या-तुकड्याने बघायची. मिसूरी नदीवर ग्रेट फॉल्सचे धबधबे आहेत. १८०५ मध्ये ल्युइस आणि क्लार्क यांच्या तुकडीला तिथे होड्या पाण्याबाहेर काढून जमिनीवरून ओढत न्याव्या लागल्या आणि त्यात किमान ११ दिवस गेले. राज्याच्या न्यायालयाने म्हटलं होतं, थोडासा अडथळा आहे, एकूण नदी तर चालते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, होडी खांद्यावर घ्यावी लागते हाच तिथे नौवहन होत नसल्याचा पुरावा आहे. दुसरं, आज तिथे लोक रबरी तराफ्यातून मासेमारीला जातात, सहलीला जातात, हा आजचा मौजेचा वापर त्या काळच्या व्यापाराच्या क्षमतेचा पुरावा म्हणून जसाच्या तसा धरता येत नाही. आजची होडी हलकी असते, आणि नदीही बदललेली असू शकते.

वाचताना मला एक प्रश्न सारखा पडत होता: हे लोक एवढं का भांडतात? उत्तर मालकीत आहे. तिथे राज्य संघराज्यात सामील झालं त्या दिवशी नदी नौवहनयोग्य असेल तर तळाची मालकी राज्याची, नसेल तर गणित वेगळं. म्हणून वस्तुस्थिती सिद्ध करावी लागते आणि म्हणून दीडशे वर्षांचं केसलॉ तयार झालं. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे, जो नदीतळ कुणा व्यक्तीच्या मालकीचा नाही तो राज्य सरकारचा. नदीत जहाज चालो वा म्हैस डुंबो. तळाच्या मालकीसाठी नौवहन सिद्ध करण्याची गरजच पडली नाही, त्यामुळे ते सिद्ध कसं करायचं याची कसोटीही घडली नाही. उरलं फक्त केंद्र-राज्य वाटणीचं लेबल.

हे कळलं तेव्हा मी गाइड मॅडमना रात्री साडेदहाला मेसेज केला. त्यांनी उत्तरात फक्त लिहिलं, 'आता नदीवर जा.'

गेलो. आणि तुकड्यांची पद्धत नर्मदेला लावून बघितली.

सगळ्यात खालचा तुकडा भरूच. हे प्राचीन बंदर, ग्रीक लेखकांचं बारिगाझा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या प्रवासवर्णनात इथल्या मुखातली भयंकर भरती आणि जहाजांना आत आणायला पाठवले जाणारे स्थानिक वाटाडे यांचं वर्णन आहे. इथे 'डॅनियल बॉल'ची कसोटी दोन हजार वर्षांपूर्वीच पास.

वर आलात की नवागाम-केवडियाजवळ सरदार सरोवर. या धरणात जहाज वर-खाली नेणारं कुलूपद्वार नाही. म्हणजे ज्याला कायदा २२६ किलोमीटरचा एक जलमार्ग म्हणतो, तो मध्येच काँक्रीटच्या भिंतीने तोडलेला आहे. ल्युइस-क्लार्कला निदान होडी ओढत नेता आली.

आणि भिंतीच्या वर आपली नर्मदा. धरणाआधी इथे सातपुडा आणि विंध्य यांच्यामधली खडकाळ घळ होती. थोडं वर, बडवानीच्या बाजूला, हिरणफाळ आहे. पात्र एवढं अरुंद की हरीण उडी मारून ओलांडेल, अशी नावामागची कल्पना. लोक होड्यांनी नदी ओलांडत, मासे धरत. नदीच्या धारेने लांबवर माल नेण्याचा रस्ता मात्र हा नव्हता. मग मणिबेलीपासून सुरुवात होऊन महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली आली, २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला पोहोचलं. घळीचा तलाव झाला. खोली? भरपूर. रुंदी? कुठे कुठे किलोमीटरच्या वर. म्हणजे १९८० चे मोजमापाचे निकष आज इथे आरामात पूर्ण होतात, पण नदी बुडाल्यामुळे! अमेरिकी कसोटीतली 'नेहमीची, नैसर्गिक स्थिती' लावली तर उत्तर नाही, आजची स्थिती लावली तर उत्तर हो.

आता थोडं विज्ञान, कारण शेवटी माझा विषय तो आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान वापर-पातळी ११०.६४ मीटर. फरक २८ मीटर. नऊ मजली इमारतीएवढा. समजा एखाद्या गावाच्या काठाचा उतार १० ला १ आहे, म्हणजे दहा मीटर चाललं की एक मीटर खाली. तर पाणी २८ मीटर उतरलं की काठ २८० मीटर मागे सरकतो. उतार २० ला १ असेल तर अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त. आणि तो मधला पट्टा म्हणजे खडीचा रस्ता नव्हे. बुडिताने साठवलेला गाळ असतो, वरून वाळलेला, आतून गुडघाभर. मी स्वतः एका ठिकाणी चप्पल त्यात गमावली आहे. आता तुम्ही सांगा, धक्का कुठे बांधायचा? ऑक्टोबरच्या काठावर बांधला तर मे महिन्यात तो डोंगरावर उभा. मे महिन्याच्या काठावर बांधला तर पावसाळ्यात पाण्याखाली.

जलमार्गांचं वर्गीकरण करताना आपल्याकडे सर्वांत खालच्या, पहिल्या वर्गाला किमान १.२ मीटर खोली आणि ३० मीटर तळरुंदी लागते, साधारण १०० टनांच्या जहाजासाठी. सगळी चर्चा पात्राच्या मध्यभागाची. काठापर्यंत माणूस पोहोचतो कसा, हे या तक्त्यात कुठेच मोजलं जात नाही. माल क्रेनने चढतो म्हणून असेल. पण बाळंतीण क्रेनने चढत नाही.

आणि इथे तिसऱ्या सरांचा मुद्दा येतो, 'तिथे लोक रोज बोटीने जातात की'. हो, जातात. बुडितानंतर डोंगरातल्या पायवाटा तुटल्या, पाडे पाण्याने वेगळे झाले, आणि जिथे रस्ता पोहोचला नाही तिथे पाणी हाच रस्ता झाला. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना याच पाण्यावर फिरत आला आहे. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची बातमी देशभर गेली होती. बालकं आणि गरोदर बायका केंद्रावर येईनात म्हणून ती स्वतः होडी वल्हवत त्यांच्यापर्यंत आहार घेऊन जायची. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही ती बातमी शेअर केली होती. आज तीच बातमी मी डेटा म्हणून वाचतो: राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ वर, जाहीर झाल्यानंतर चार वर्षांनी, सरकारी सेवा पोहोचवण्याचं साधन वल्ह्याची होडी होतं.

दुसरी बातमी कौतुकाची नाही. १५ जानेवारी २०१९, मकरसंक्रांतीचा दिवस. धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेच्या पूजेला निघालेल्या लोकांची बोट उलटली. लहान मुलांसह अनेकांचे जीव गेले.

आता 'नौवहनयोग्य' हा शब्द पुन्हा वाचून बघा. त्या बोटीत किती माणसं बसावीत, ते कोण ठरवतं? बोटीची तपासणी कोणी करायची? लाइफ जॅकेट, चालकाचा परवाना, विमा? २०१९ मध्ये यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना अंतर्देशीय जहाज कायदा होता, आणि तरींसाठी मुळात १८६८ चा मुंबई इलाख्याचा कायदा. त्यानंतर २०२१ चा अंतर्देशीय जहाज अधिनियम आला. त्यात नोंदणी, तपासणी, खलाशांची पात्रता, विमा यांची देशभर एकसारखी व्यवस्था आहे आणि एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातही चालतं. अंमलबजावणी मोठ्या प्रमाणात राज्यांच्या यंत्रणेकडेच ठेवली आहे. नर्मदेसारख्या तीन काठांच्या पाण्यावर एकच प्रमाणपत्र सगळीकडे चालणं ही खरोखर चांगली गोष्ट आहे. इकडच्या पाड्यावरून निघालेली बोट समोर हाफेश्वरच्या बाजूला लागली की गुजरात, वर काकराण्याकडे गेली की मध्य प्रदेश. पण प्रमाणपत्र चालायला आधी ते असावं लागतं. तपासणी करणारा अधिकारी त्या काठापर्यंत पोहोचावा लागतो, आणि तिथे पोहोचायला, गंमत बघा, बोट लागते.

माझं मत विचाराल तर, राष्ट्रीय जलमार्गाच्या घोषणेत नंदुरबारसाठी खरा अर्थ १९८० च्या त्या शेवटच्या निकषात आहे: जिथे दुसरं साधन पोहोचत नाही अशी ठिकाणं जोडणं. कोळसा आणि सिमेंटच्या टनांत हा पट्टा मोजला तर तो नेहमी नापास होईल. दवाखान्यापर्यंतच्या मिनिटांत मोजला तर देशातल्या पहिल्या काही जलमार्गांत यायला हरकत नाही. पण प्राधिकरणाचे आकडे टनांत असतात. त्या आकड्यांत नर्मदा आणि तापी दोन्ही 'चालू' जलमार्ग म्हणून दिसतात, आणि ती वाहतूक आहे मुखाजवळच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली. भरूच-हजिऱ्याकडच्या बार्जमुळे धडगावची नर्मदा कागदावर चालू झाली! मोंटानाच्या न्यायाधीशांनी नेमकं हेच करू नका म्हटलं होतं.

तापीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिची गोष्ट याच गोष्टीची सोपी आवृत्ती आहे. सुरत हे मोगलकाळातलं मोठं बंदर, तरीही तापीचं मुख गाळाने भरत असल्यामुळे मोठी जहाजं बाहेर सुवालीला नांगर टाकत. तिथून वर काकरापारचा बंधारा, मग १९७२ मध्ये पूर्ण झालेलं उकाई, मग आपल्याकडचे प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेज, पुढे सुलवाडे, आणि शेवटी हतनूर. ४३६ किलोमीटरचा 'मार्ग' म्हणजे खरं तर एकापुढे एक मांडलेली पाण्याची ताटं. प्रत्येक ताटात होडी चालेल. एका ताटातून दुसऱ्यात जाणार नाही.

तर, सिनॉप्सिसचं काय केलं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांचा मेसेज तोच असतो: 'सर, शीर्षक कसं ठरवायचं?' (सर म्हणू नका, अजून थीसिस व्हायचाय.)

मी शीर्षकातून 'नौवहनयोग्य' शब्द काढला नाही, तो फोडला. 'घोषित' एका बाजूला, 'प्रत्यक्ष' दुसऱ्या बाजूला. मग प्रत्यक्षाला तीन शेपट्या लावल्या: कुठल्या तुकड्यात, कुठल्या महिन्यात, कुठल्या बोटीसाठी. मणिबेली ते भुषा हा पट्टा घेतला. त्याचे काठाच्या उताराप्रमाणे तुकडे पाडतोय. उपग्रह प्रतिमांवरून दर महिन्याची पाण्याची कड काढता येते, सेंटिनेल-२ च्या १० मीटर विभेदनाच्या प्रतिमा फुकट मिळतात. धरणाच्या पातळीच्या नोंदींशी ती जुळवायची आणि प्रत्येक पाड्यापासून पाण्यापर्यंतचं चालण्याचं अंतर महिन्यागणिक काढायचं. 'उपलब्ध खोली'बरोबर 'उपलब्ध काठ' असं एक माप मी सुचवतोय. नाव अजून पक्कं नाही, चांगलं सुचलं तर कळवा.

जुन्या स्थितीसाठी १८८० चं खानदेश गॅझेटियर, धरणाआधीचे स्थलदर्शक नकाशे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. आठवणींना 'ॲनेक्डोटल' म्हणून बाजूला टाकायची सवय आपल्या विज्ञानवाल्यांना असते, मलाही होती. पण मोंटानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेला पुरावा ल्युइस-क्लार्कच्या रोजनिशीचा होता, म्हणजे होडी ओढणाऱ्या माणसांनी लिहून ठेवलेल्या दिवसांचा. आमच्या पट्ट्यात रोजनिशी कुणी लिहिली नाही. जे आहे ते पावरी आणि भिलीत बोललं जातं, आणि मला पावरी कामापुरतीच येते. त्यामुळे मुलाखती घ्यायला धडगावचा एक एमएस्सीचा विद्यार्थी सोबत येतो. त्याचं नाव प्रकाशनात सहलेखक म्हणून जाईल, हे मी आधीच गाइड मॅडमशी बोलून घेतलंय. तुम्हीही असं आधीच बोलून घ्या, नंतर अवघड जातं.

सुधारित सिनॉप्सिस मंजूर झाली. प्रेझेंटेशनला त्याच मॅडमनी पुन्हा विचारलं, "मग आता सांग, नर्मदा नौवहनयोग्य आहे का?" मी म्हणालो, "मॅडम, कुठल्या पाड्यापासून आणि कुठल्या महिन्यात?" त्या हसल्या आणि पुढची स्लाइड म्हणाल्या.

पुढच्या फेरीला मेमध्ये जातोय, पाणी सगळ्यात खाली असताना. या वेळी चपला नाहीत, गमबूट.